स्पीकरच्या वायरचे टोक

घरात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आले की सर्वांचे लक्ष आवाजाकडे जाते. त्यांना जोडणाऱ्या वायरच्या टोकाकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः बिघाड पुष्कळदा तेथेच होतो. डहाणूला समुद्राची खारी हवा, तलासरीकडे चार महिने ओल. उघडे तांबे आपल्याकडे लवकर काळे-हिरवे पडते.

माझी आजी वारली लग्नांत धवलेरी म्हणून गाणी म्हणत असे. आता मोबाईलवरचे ध्वनिमुद्रण तेवढे उरले आहे. ते लावले की पाड्यातली म्हातारी माणसे आमच्या ओट्यावर येऊन बसतात. मागच्या पावसाळ्यात एक स्पीकर मध्येच मुका होऊ लागला. दोष टोकातला निघाला, आणि मी या विषयाच्या मागे लागलो.

टोक बांधण्याच्या रीती मुख्यतः चार. पहिली, उघडी तार: सुमारे 1 सेंटिमीटर आवरण सोलून, तंतू घट्ट पिळून स्क्रूखाली दाबायचे. खर्च काही नाही आणि संपर्कही उत्तम. मात्र एखादा सुटा तंतू शेजारच्या टोकाला लागला तर शॉर्ट होऊन अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर जळू शकतात. दुसरी, डाख देणे. तंतू एकत्र राहतात, पण डाखाचा धातू मऊ. स्क्रूच्या सततच्या दाबाने तो पसरतो आणि जोड सैल होतो. स्क्रूखाली डाख दिलेले टोक म्हणूनच नको. तिसरी, लग: दोन पायांचा चिमटा वायरीवर दाबून बसवायचा व स्क्रूखाली आवळायचा. चौथी, बनाना पिन. ही 4 मिलिमीटरची पिन चटकन घालता-काढता येते. पण ती भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटातही शिरू शकते. घरात लहान मुले असतील तर जपावे.

महाग, सोनेरी पिनांनी आवाज सुधारतो काय? हिशेब पाहू. 1 चौरस मिलिमीटर तांब्याच्या 10 मीटर लांब दुहेरी वायरचा रोध सुमारे 0.35 ओहम, स्पीकर बहुधा 8 ओहमचा. स्वच्छ, घट्ट टोकाचा रोध वायरच्या मानाने नगण्य. सोन्याचा मुलामा गंजत नाही, हाच त्याचा खरा लाभ.

टोक कोणतेही असो, आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा. लाल टोक लालला, काळे काळ्याला. खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर लावावा. पडदा बाहेर आला तर सेलचे धन टोक लागले ते लाल समजावे. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर आवाजातला भरीव खर्ज हरवतो.

आमचे स्पीकर जागेवरून हलत नाहीत, म्हणून मी लग निवडले. कार्यक्रमांना स्पीकर नेणाऱ्यांना पिन सोयीची. उघडी तारही वाईट नाही. फक्त दर पावसाळ्यानंतर काळे टोक कापून नवे सोलावे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने पक्कड हाती धरू नये, असा काही नियम नाही.