हाली, कलदार आणि डॉलर : रुपयाचा भाव ठरवतं कोण?



रुपया पडला की जाळ्याचं सूत महागतं, हे आपण ऐकतो. पण रुपया पडतो म्हणजे काय, आणि त्याचा भाव ठरवतं कोण? आज एवढंच बघू.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना दोन नाण्यांचा हिशोब पाठ होता. मुडबी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इथं हाली शिक्का चालायचा, तिकडं सोलापुरात इंग्रजांचा कलदार. दर ठरलेला : 6 कलदार म्हणजे 7 हाली. सोलापुरात 100 कलदारांचा माल घेतला की आपले 116 रुपये 10 आणे 8 पै गेले. 1950 पासून हालीसोबत भारताचा रुपया चालू झाला आणि 1959 मध्ये हाली बंद झाला.

असा सरकारनं बांधून दिलेला भाव म्हणजे स्थिर दर. स्वातंत्र्यानंतर आपला रुपयाही असाच बांधलेला होता. त्या काळी बहुतेक गरीब देशांची हीच पद्धत. फायदा असा, की व्यापाऱ्याला उद्याचा भाव आजच माहीत. पण देशानं बाहेरून घेतलं जास्त आणि विकलं कमी, की डॉलर संपत जातात. कागदावर दर मात्र तोच. हे म्हणजे तळ्याचा सांडवा बुजवून ठेवल्यासारखं. पाणी चढत राहतं आणि एक दिवस बांध फुटतो.

आपल्याकडं तसंच झालं. 6 जून 1966 ला डॉलर 4.76 वरून एकदम 7.50 रुपयांवर गेला. 1991 मध्ये तर सोनं गहाण ठेवायची पाळी आली, जुलैत दोन टप्प्यांत रुपया उतरवला. 1997 मध्ये थायलंडलाही बांधलेला दर असाच सोडावा लागला.

मग सांडवा उघडला. मार्च 1993 पासून रुपयाचा भाव बाजारात ठरतो. फार चढउतार झाला की रिझर्व्ह बँक डॉलर विकते किंवा घेते. म्हणजे भाव मोकळा, पण राखणदार बसलेला.

सगळ्यांनी असं केलं नाही. सौदीचा रियाल 1986 पासून डॉलरला बांधलेला आहे, 3.75 रियालला 1 डॉलर. तेल विकून डॉलर येतात म्हणून त्यांना ते जमतं. म्हणून रुपया पडला की सौदीत काम करणाऱ्या पोरानं पाठवलेल्या तेवढ्याच रियालचे घरी जास्त रुपये होतात. आपल्या जाळ्याचं मात्र उलटं. नायलॉनचा कच्चा माल खनिज तेलापासून निघतो, आणि तेल घ्यायचं डॉलर मोजून.

पूर्वी फटका एकदम बसायचा, आता थोडाथोडा बसतो. ज्याच्या घरी बाहेरचा पैसा येत नाही, त्याला तो जास्त लागतो. आपल्यातले बहुतेक सभासद असेच. म्हणून बातम्यांत रुपया सारखा उतरताना दिसला, तर लागणारं सूत लांबणीवर टाकू नका. चौघांनी मिळून आधीच घेतलेलं बरं.