टपावर राहुटी बांधताय? आधी वजन बघा, मग नाडा आवळा

सोलापूर : आषाढी जवळ आली की गावागावांत जीप, पिकअप, टेम्पोच्या टपावर सामान चढायला लागतं. राहुटीचं कापड, लोखंडी खांब, मेखा, ताडपत्र्या, वळकट्या, मोठी पातेली. वारकरी पायी चालतात, पण त्यांचा मुक्काम गाडीवरून पुढे जातो. माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात येते, तुकोबारायांची नीरा ओलांडून अकलूजला. तिथून पुढे वाखरीपर्यंत दोन्ही वाटांवर अशा गाड्यांची रांगच लागते.

त्यात आता नवीन भर पडली आहे. मोबाईलवरच्या व्हिडिओत गाडीच्या टपावरच उघडणारा तंबू दिसतो. शिडी लावायची, वर चढायचं आणि तिथंच झोपायचं. खाली चिखल असो की विंचू, काळजी नाही. ते बघून काही तरुण बाजारातला तयार तंबू घेतात, तर काही जण फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी सांगाडा करून घ्यायच्या विचारात असतात. दिंडीची राहुटी असो की हा घडीचा तंबू, पहिला प्रश्न एकच. टपाला झेपतं किती?

उभी गाडी वेगळी, चालती गाडी वेगळी

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत टपावर जास्तीत जास्त किती किलो ठेवायचे ते लिहिलेलं असतं. बऱ्याच चारचाकींना हा आकडा ५० ते १०० किलोच्या दरम्यान असतो, काही लहान गाड्यांना त्याहूनही कमी. हा आकडा चालत्या गाडीचा असतो आणि त्यात कॅरियरचं वजनही धरायचं असतं. इथंच बहुतेकांचा हिशोब चुकतो. लोखंडी कॅरियरच ३० किलोचा असेल आणि मर्यादा ७५ किलो असेल, तर सामानाला उरले फक्त ४५.

मग लोक विचारतात, टपावरच्या तंबूत दोन माणसं झोपतात, ती कशी चालतात? तंबूचंच वजन ५०-६० किलो, वर दोन माणसांचं सव्वाशे-दीडशे. तर त्याचं कारण असं, की उभ्या गाडीवर वजन सरळ खाली दाबतं आणि ते चारी बाजूंच्या खांबांवर वाटलं जातं. गाडीचे खांब मजबूत असतात, ते हे ओझं पेलतात. तरी तंबू आणि कॅरियर बनवणाऱ्याने उभ्या गाडीसाठी दिलेला आकडा बघूनच माणसं वर चढवायची. गाडी चालू लागली की हेच वजन खड्ड्यात आदळतं, वळणावर बाहेर ओढतं, ब्रेक मारला की पुढे धावतं. ८० किलोचं ओझं जोरात ब्रेक दाबल्यावर जवळपास ६० किलोच्या जोराने पुढे रेटतं. तेवढा रेटा नाड्याने आणि कॅरियरच्या बोल्टांनी धरायचा असतो.

कडब्याने शीग लावून भरलेली बैलगाडी ओढ्यात उतरताना कशी एका अंगाला कलते, हे ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायची गरज नाही. वजन जितकं वर, तितकी गाडी पलटी व्हायला सोपी.

म्हणून जड ते खाली, हलकं ते वर. लोखंडी खांब, मेखा, पातेली, पाण्याचे कॅन गाडीच्या आत, तळाला. टपावर वळकट्या, सतरंज्या, कोरडं कापड. २५० जीएसएमची १८ बाय १२ फुटांची ताडपत्री साधारण ५ किलो भरते, ती खुशाल वर ठेवा. सुती राहुटीचं मात्र लक्षात ठेवायचं. भिजली की तिचं वजन दीडपटीच्या पुढे जाऊ शकतं. जाताना झेपलेलं ओझं येताना झेपेलच असं नाही. गॅसची टाकी तर टपावर नकोच. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो, लोखंडासकट ती ३० किलोच्या आसपास जाते, आणि ती उभीच ठेवायची असते. वर आडवी बांधलेली टाकी म्हणजे वजन आणि धोका दोन्ही.

कॅरियर कुठं धरतो?

जुन्या कमांडर, ट्रॅक्ससारख्या गाड्यांना टपाच्या कडेने पावसाचं पाणी वाहून न्यायची पन्हळ असते. कॅरियरचे पाय त्या पन्हळीला पकडतात. ही पद्धत चांगली, पण पन्हळ गंजलेली नसली तरच. पाय बसवायच्या आधी तिथला चिखल-माती काढून पेचकसाने टोचून बघावं. पत्रा पापुद्र्यासारखा सुटत असेल तर आधी डेंटिंगवाला, मग कॅरियर.

नव्या गाड्यांना टपावर दोन लांब दांड्या दिसतात. त्या बघून फसायला होतं. काही मॉडेलना त्या खरोखर वजन पेलणाऱ्या असतात, काहींना नुसत्या शोभेच्या, चिकटवलेल्या. पुस्तिकेत खात्री केल्याशिवाय त्यावर आडवे बार टाकू नयेत. पत्र्याला भोकं पाडून कॅरियर ठोकणं तर शेवटचा उपाय. त्या भोकातून पाणी आत जातं आणि दोन पावसाळ्यांत गंज धरतो.

आडव्या बारमधलं अंतर तंबूवाल्याने सांगितलेलं असेल तेवढंच ठेवायचं. बोल्टला सपाट वायसर आणि लॉक नट हवाच, साधा नट खडखडून सुटतो. ॲल्युमिनियमच्या खोबणीत बोल्ट जातो तिथं पाना जोर लावून फिरवू नये, खोबण फाकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बसवल्यावर ४०-५० किलोमीटर चालवून गाडी बाजूला घ्यायची आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. नव्या बसवलेल्या कॅरियरचे बोल्ट पहिल्या पन्नासात बसकतात, हे गॅरेजवाले सांगतातच, ऐकणारे थोडे.

तयार तंबू बसवताना चार माणसं लागतात. दोघांनी ओढत वर चढवला की टपाला ओरखडे तरी पडतात, नाहीतर कंबर तरी धरते.

बांधणी

पालखी मार्ग आता बऱ्याच भागात चौपदरी झालाय. पूर्वी चाळीसने जाणारी जीप आता ऐंशीने जाते, पण बांधायचा नाडा तोच, गाठही तीच. वेग दुप्पट झाला की टपावरच्या सामानाला लागणारा वारा चौपट जोराचा होतो. चाळीसला टिकलेली बांधणी ऐंशीला टिकेल असं समजू नये.

ताडपत्री घालताना पुढची कड आधी सामानाखाली दाबून घ्यायची, मग कापड मागे ओढायचं. पुढची कड वर मोकळी राहिली की वारा आत शिरतो, ताडपत्री फुगते आणि रिंगा फाटतात. रबरी ट्यूबच्या पट्ट्यांनी ओझं बांधू नये. त्या छत्री-पिशवीला ठीक, पण ब्रेक मारल्यावर त्या ताणतात आणि ओझं पुढे सरकतं.

नाडा आवळायला ट्रकवाले मारतात ती गाठ शिकून घ्यावी. नाड्याच्या मधे एक फासा करायचा, मोकळं टोक खालच्या हुकातून वर आणून त्या फाशातून घ्यायचं आणि खाली ओढायचं. तेवढ्याच जोरात नाडा कितीतरी जास्त आवळतो. खटक्याचा पट्टा असेल तर आणखी बरं, पण तो पत्र्याच्या धारेवर घासत असेल तिथं गोणपाटाचा तुकडा घालावा.

पाऊस पडला की थांबून नाडा बघायचा. नायलॉनचा दोर भिजला की ताणतो आणि सैल पडतो. सुती दोर उलट भिजल्यावर आखडतो आणि वाळला की ढिला होतो. म्हणजे कुठलाही दोर असला तरी उघडीप पडल्यावर एकदा हात लावून बघावाच लागतो.

मुक्कामाला तार बघा

टपावरून सामान उतरवताना खाली बघायची सवय असते, वर बघायची नसते. शेतातून जाणारी उघडी वीजतार नियमाप्रमाणे जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे १५ फूट उंच हवी. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट. आता हिशोब करा. ६ फुटांची जीप, अर्धा फूट कॅरियर, वर ३ फूट सामान, त्यावर उभा साडेपाच फुटी माणूस. झाले १५ फूट. त्याने राहुटीचा लोखंडी खांब उभा धरला तर? आणि झोळ आलेल्या तारा १५ फुटांवर तरी कुठं असतात! गाडी तारेखाली उभी करूच नये. लोंबकळणारी तार दिसली तर १९१२ वर कळवावं, स्वतः बांबूने उचलायला जाऊ नये.

टपावरच्या तंबूत झोपायचं तर गाडी सपाटीला हवी. आपल्याकडची काळी माती संध्याकाळी घट्ट वाटते, रात्री पाऊस झाला की एका बाजूची चाकं रुततात आणि झोपलेली माणसं एका अंगाला घसरतात. मुरमाड जागा बघावी, हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत. पंढरपुरात नदीपलीकडच्या ६५ एकरात तंबू जमिनीवरच लागतात आणि गर्दीच्या दिवसांत तेच शहाणपणाचं आहे. टपावर चढलेल्या माणसाला रात्री शिडी उतरून गर्दीतून वाट काढायची म्हणजे पाय मोडायचं काम. म्हाताऱ्या माणसाला आणि लहान पोरांना तर वर झोपवूच नये.

विजा चमकायला लागल्या की टपावरचा तंबू सोडून काचा वर करून गाडीत बसावं. बंद पत्र्याची गाडी तंबूपेक्षा कितीतरी सुरक्षित. पुण्याच्या हवामान संस्थेने काढलेलं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं, ते मोबाईलवर असू द्यावं. आणि राहुटी असो की तंबू, आत शेगडी किंवा कोळसा पेटता ठेवून झोपायचं नाही. बंद जागेत तयार होणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही.

पोलिसांनी अडवलं तर

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२३ नुसार चालत्या गाडीच्या टपावर माणूस बसवणं गुन्हा आहे, मग ती वारीची गाडी असो की वऱ्हाडाची. सामान ठरलेल्या मर्यादेपेक्षा बाजूला, पुढे-मागे किंवा उंचीला बाहेर गेलं तर कलम १९४ (१अ) प्रमाणे २० हजार रुपये दंड आहे, सामान उतरवायचा खर्च वेगळा. नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असा बदल कलम ५२ प्रमाणे परस्पर करता येत नाही. त्यामुळे वेल्डिंगने कायमचा सांगाडा ठोकण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं. नाहीतर अपघात झाल्यावर विम्याच्या दाव्यातही तोच बदल आडवा येऊ शकतो.

कापड टिकवायचं तर

सुती राहुटी नवी आणली की लगेच गाडीवर टाकू नये. आधी अंगणात ताणून उभी करावी, पाण्याने चिंब भिजवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. असं दोनदा केलं की धागे फुगून शिवणीची भोकं बुजतात. ही साधी गोष्ट न करता पहिल्याच पावसात राहुटी गळली म्हणून दुकानदाराशी भांडणारे बरेच असतात. पाऊस चालू असताना आतून कापडाला पाठ किंवा वळकटी टेकवायची नाही, जिथं टेकली तिथून पाणी झिरपायला लागतं. जुने वारकरी पोरांना यासाठीच ओरडतात.

चिखल लागला तर वाळल्यावर मऊ ब्रशने झाडावा आणि साध्या पाण्याने धुवावं. कपड्याचा साबण, निरमा लावला की कापडावरचा पाणी अडवणारा थर निघून जातो. शिवणीवर मेण घासावं. चेनमध्ये धूळ बसते, ती जुन्या टूथब्रशने काढून वरून मेणबत्ती फिरवली की चेन अडकत नाही. टपावरच्या तंबूत गादीखाली सकाळी ओल आलेली असते, ती पावसाची नव्हे, आपल्याच श्वासाची. रोज गादी उचलून वारं लागू द्यावं, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते. रात्री खिडकी थोडी उघडी ठेवली तर ओल कमी येते.

वारी संपली की सगळे थकलेले असतात. ओली राहुटी गुंडाळून टपावर, तिथून थेट गोठ्यातल्या माळ्यावर. कापडाचा घात इथंच होतो. घरी आल्याबरोबर एक दिवस मोडला तरी चालेल, पण उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवूनच घडी घालावी. खताच्या पोत्यांजवळ ठेवू नये, युरिया हवेतली ओल ओढून घेतो आणि ती कापडात उतरते. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीची घडी दर वेळी वेगळ्या रेषेवर मोडावी, एकाच रेषेवर मोडली की तिथंच चिरते. कॅरियर वर्षभर टपावर ठेवायचा नसेल तर काढून, गंजलेली जागा घासून रेड ऑक्साइडचा हात मारून ठेवावा. बोल्ट-वायसर डब्यात घालून तो डबा कॅरियरलाच बांधावा, नाहीतर कार्तिकीच्या आदल्या रात्री सगळं घर ते शोधत बसतं.