अंधांचे वाटाडे कुत्रे

परदेशी चित्रपटांत एक दृश्य आपण पाहतो. आंधळा मनुष्य रस्त्याने चालला आहे, त्याच्या डाव्या बाजूला कुत्रा आहे, आणि कुत्र्याच्या अंगावरील पट्ट्याची मूठ त्याच्या हातात आहे. ते पाहून वाटते की, तिकडे अंधांच्या घरोघरी असे कुत्रे असतील. वस्तुस्थिती तशी नाही.

पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. १९२८ साली मॉरिस फ्रँक हा अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडहून 'बडी' नावाची कुत्री घेऊन मायदेशी परतला, आणि पुढच्याच वर्षी तिकडे 'सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. ब्रिटनमधले पहिले चार कुत्रे १९३१ साली तयार झाले. आज सर्व जगात मिळून असे कुत्रे वीस हजारांहून थोडे अधिक भरतील. उलट, २०२० च्या अंदाजाप्रमाणे अंध माणसे आहेत सुमारे ४ कोटी ३० लाख. म्हणजे दोन हजार अंधांमागे जेमतेम एक कुत्रा! सधन देशांतही बहुतेक अंधांजवळ असा कुत्रा नसतो.

असे का? पिलू वर्षभर एखाद्या कुटुंबात वाढवावे लागते, मग कित्येक महिने शिकवावे लागते, त्यानंतर धन्याबरोबर काही आठवडे सराव करून घ्यावा लागतो. इतके करून आठ-दहा वर्षांत कुत्रा थकतो. शिवाय वाट ठरवायची ती धन्यानेच. कुत्रा खड्डा टाळतो, खांब चुकवतो, आणि मोटार येत असेल तर 'चल' म्हटले तरी जागचा हलत नाही. ही शहाणी अवज्ञा शिकवणे हेच सर्वांत कठीण.

आपल्याकडे अशा शाळांची परंपरा रुजली नाही. खर्च हे एक कारण. दुसरे कारण आपले रस्ते. पदपथ असला तर त्यावर दुकान मांडलेले, आणि प्रत्येक चौकात मोकाट कुत्र्यांची टोळी. तिथे शिकवलेल्या कुत्र्याने धन्याला सांभाळावे की स्वतःला?

तिसरे कारण आपल्या फर्दापूरजवळच, अजिंठ्याच्या भिंतींवर रंगवलेले आहे. दहाव्या लेण्यात अंध आईबापांची सेवा करणारा श्याम आहे. सतराव्या लेण्यात अंध आईच्या काळजीने अन्न वर्ज्य करणारा हत्ती आहे. श्रावणबाळाची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. अंधाची वाट म्हणजे मुलाचा हात, हा आपला संस्कार आहे आणि तो थोर आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. आंधळ्या आजोबांना बाजारात नेण्यासाठी नातवाची शाळा बुडते. नातू नसला, तर आजोबा दिवसभर ओसरीवर बसून राहतात. मनात येईल तेव्हा उठून चार पावले जाता येणे, हे सुख डोळसांना सुख म्हणून जाणवतही नाही.

ते सुख स्वस्तात देणारी वस्तू म्हणजे लांब पांढरी काठी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी तिची पद्धत बसवली. काठी छातीइतकी उंच, डावे पाऊल पुढे पडताना टोक उजवीकडे, उजवे पडताना डावीकडे. पुढचे पाऊल कुठे पडणार, ते काठी आधी तपासते. दिल्लीच्या आय. आय. टी.त घडवलेली 'स्मार्टकेन' २०१४ साली बाजारात आली. गुडघ्याच्या वरचा अडथळाही ती मुठीच्या कंपनाने कळवते. मुंबईची 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' ही संस्था तर १९५२ पासून अंधांच्या शिक्षणासाठी व स्वावलंबनासाठी काम करीत आली आहे.

उरतो आपला वाटा. आपल्या दारापुढची वाट मोकळी ठेवावी, मोटारसायकल पदपथावर लावू नये, खोदलेला खड्डा उघडा टाकू नये. अंध मनुष्य रस्त्यावर थबकलेला दिसला, तर त्याला धरून ओढू नये. आधी विचारावे आणि आपले कोपर पुढे करावे. ते धरून तो अर्धे पाऊल मागून आपल्या चालीने येईल. कुत्रा दुर्मीळ असेना का, एवढे सौजन्य दुर्मीळ असण्याचे कारण नाही.