विजेचा ताल आणि जोडलेली जनित्रे

दोन आंदोलने परस्परांशी अल्पशा बंधनाने जोडली गेली, तर ती हळूहळू एकच ताल धरू शकतात. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६६५ साली ही गोष्ट टिपली. एकाच आधारावर टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक विरुद्ध दिशांना, पण अचूक एका तालात झुलत होते. ताल मुद्दाम बिघडविला तरी सुमारे अर्ध्या तासात तो पूर्ववत होई. आधारातून जाणारे सूक्ष्म हादरे हेच त्यांच्यातील बंधन होते.

आपल्या गावी येणारी वीजही अशाच तालावर अवलंबून आहे. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ ठरलेली आहे. म्हणजे प्रवाहाची ५० आवर्तने दर सेकंदास पुरी होतात. त्यासाठी दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटास ३,००० फेरे घेते. जलविद्युत केंद्रांतील अधिक ध्रुवांची जनित्रे संथ फिरतात; तथापि विजेचा ताल एकच असतो. दूरदूरच्या जनित्रांना जोडणाऱ्या वाहिन्या येथे घड्याळांच्या आधाराचे काम करतात.

हा ताल टिकतो कसा? जोखडास जुंपलेली बैलजोडी पाहावी. एक बैल पुढे सरला की त्याच्यावर ओझे अधिक येते व तो मंदावतो. मागे पडलेल्याचे ओझे हलके होते. तद्वतच जे जनित्र किंचित पुढे जाते, त्याच्याकडून अधिक वीज खेचली जाते व त्याचा वेग आवरतो. मात्र हे पुढे-मागे होणे ठराविक मर्यादेपलीकडे गेले, की ओढ वाढण्याऐवजी घटते आणि ताल सुटतो.

याचा प्रत्यय जुलै २०१२ मध्ये आला. वाहिन्यांवर अतिरिक्त भार असताना ३० तारखेच्या पहाटे बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली. भार अन्य मार्गांवर लोटला गेला, त्याही वाहिन्या तुटल्या आणि उत्तरेकडील जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही जाळी बंद पडून ६० कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशातील पुरवठा खंडित झाला.

त्या वेळी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी केवळ एकदिश प्रवाहाच्या दुव्यांनी जोडलेले होते; त्यामुळे बेळगावच्या विजेचा ताल सोलापूरहून स्वतंत्र होता. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन सारा देश एका तालात आला. आता एका भागातील तूट दुसरा भाग भरून काढू शकतो. परंतु एका ठिकाणचा बिघाड दूरवर पोहोचण्याचा संभवही वाढतो.

मागणी उत्पादनाहून वाढली की वारंवारता घसरते, आणि ती सर्वांचीच घसरते. म्हणून ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखण्याचा दंडक आहे. आणीबाणीच्या प्रसंगी काही भागांचा पुरवठा तात्पुरता तोडला जातो, तो उर्वरित जाळ्याचा ताल राखण्यासाठी, हे नागरिकांनी ध्यानी घ्यावे.