भाव कानांनी शिकायचा असतो

आकुर्डीत बजाज ऑटोचं मुख्यालय आहे, आणि या कंपनीच्या दुचाकी-तीनचाकी कोलंबिया, मेक्सिको, पेरूपर्यंत जातात. त्यामुळे इथल्या एखाद्याला कोलंबियात बोगोटाला जावं लागलं तर शेजाऱ्यांना फारसं नवल वाटत नाही. तिथे स्पॅनिश यायला हवं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला विद्यापीठाचे स्पॅनिशचे रीतसर वर्ग आहेत, पण शिफ्ट सांभाळून तिथवर जाणं सगळ्यांना जमत नाही. मग रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी आमचा सरावाचा बाजार भरतो. टेबलावर कांदे, टोमॅटो, एक जुना शर्ट. एक जण विक्रेता, बाकीचे गिऱ्हाईक.

‘क्वान्तो क्वेस्ता?’ म्हणजे केवढ्याला, हे पाच मिनिटांत येतं. अडतं ते उत्तर ऐकताना. विक्रेता म्हणतो, ‘सेतेन्ता इ दोस’. आपल्या बहात्तरमध्ये दोन आधी येतात, तिथे सत्तर आधी. त्यात साठ म्हणजे ‘सेसेन्ता’, सत्तर ‘सेतेन्ता’. गर्दीत फरक कळत नाही. कोलंबियात तर साधा भावही हजारांत. ‘सियेन मिल’ म्हणजे शंभर हजार, आपला एक लाख. ‘उन मिल्योन’ म्हणजे दहा लाख. म्हणून आमच्याकडे एकच नियम: भाव ऐकला की मराठीत न आणता थेट कागदावर आकडा लिहायचा. हळूहळू हात कानामागोमाग चालायला लागतो.

बाकी बाबतींत मराठी माणसाचं काम सोपं आहे, फक्त इंग्रजीच्या वाटेनं जाऊ नये. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे मला आंबा आवडतो. आंबे अनेक झाले की ‘मे गुस्तान’, जसं आपलं आवडतात. औषधाच्या दुकानात ‘मे दुएले ला काबेसा’ म्हटलं की डोकं दुखतंय हे कळतं, आणि आपल्यासारखंच दुखतं ते डोकं; फक्त ‘माझं’च्या जागी ‘मला’ येतं. त आणि द तर जिभेवर आहेतच. दुकानदाराला ‘तू’ न म्हणता ‘उस्तेद’ म्हणावं. बोगोटात ते सहज खपतं.

प्रवासाचे शब्द मात्र देश बघून घ्यावेत. तिकीट स्पेनमध्ये ‘बियेते’, मेक्सिकोत ‘बोलेतो’, कोलंबियात ‘तिकेते’. मेक्सिकोत ‘कामियोन’ ही बस, स्पेनमध्ये तोच ट्रक.

जायचं ठरलं असेल तर आजच घरातल्या कुणाला तरी समोर बसवा आणि हजारांतले आकडे म्हणून घ्या; बाकीचे शब्द विमानातही पाठ होतील.