‘तिरंगा’ टोमॅटोमागचे विषाणू

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव बराचसा रंगावर ठरतो. २०२० च्या उन्हाळ्यात नेमका रंगच दगा देऊन गेला. एकाच फळावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे दिसू लागले, आतला गर टणक आणि काळपट निघू लागला. शेतकऱ्यांनी या रोगाला ‘तिरंगा’ म्हटले. पुणे, नगर, सातारा भागांतून तक्रारी आल्या आणि नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले. तपासणीत मुख्यतः काकडीवरील मोझॅक विषाणू सापडला. पण तो एकटा नव्हता. काही झाडांत एकाहून अधिक विषाणू एकत्र नांदत होते.

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यासाठी हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक विषाणूचे वाहन वेगळे. काकडी मोझॅक मावा पसरवतो. रोगट पानात सोंड खुपसल्यावर काही सेकंदांतच तो विषाणू उचलतो आणि शेजारच्या झाडाला देतो. फवारलेले औषध माव्याला मारेपर्यंत त्याचे काम उरकलेले असते. म्हणूनच फवारण्यांचा खर्च वाढूनही रोग हटत नाही. टोमॅटो क्लोरोसिस विषाणू पांढऱ्या माशीबरोबर फिरतो. शेंडेमरीचा विषाणू फुलकिडे आणतात. तो फुलकिड्याच्या पिल्लावस्थेत शरीरात शिरला, की कीड जन्मभर तो वाटत राहते. टोमॅटो मोझॅकला तर कीडही लागत नाही. खुडणी करणाऱ्याचे हात, कात्री आणि बियाणे एवढे पुरते.

काकडी मोझॅकची भूकही मोठी आहे. बाराशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर तो जगतो. काकडी, मिरची, केळी आणि बांधावरची कित्येक तणे त्यात येतात. टोमॅटो उपटून शेत मोकळे केले, तरी बांध विषाणूला सांभाळतो.

त्याच सुमारास टोमॅटोतून माणसाला रोग होतो, अशी अफवा पसरली. करोनाच्या भीतीत ती सहज खपली. प्रत्यक्षात वनस्पतींचे हे विषाणू माणसाला रोग करत नाहीत.

लागण झालेल्या झाडावर औषध नाही. बांबू, तार, सुतळी, मल्चिंगवर पैसे घातलेल्या शेतकऱ्याला झाड उपटणे जड जाते. तरीही सुरुवातीची रोगट रोपे लगेच काढून नष्ट करणे हाच स्वस्त उपाय. कीडरोधक जाळीत वाढवलेली रोपे, कडेने मक्याच्या दाट ओळी आणि पिवळे-निळे चिकट सापळे लागवडीपासूनच हवेत. फळावर पट्टे दिसल्यावर त्यांचा फारसा उपयोग नसतो.