पाच चिंचोके

चार वर्षांच्या पोरासमोर पाच चिंचोके एका ओळीत खेटून मांडा. खाली दुसरी ओळ, तीही पाचांचीच, पण ऐसपैस. आता विचारा, जास्त कुठे? बहुतेक पोरं बेधडक लांब ओळीकडे बोट करतात. गंमत म्हणजे त्यातल्या कित्येकांना वीसपर्यंतचे आकडे घडाघडा येत असतात! स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे दाखवून दिलं. आकडे पाठ होणं वेगळं. पसरले तरी पाच ते पाचच, ही समज वस्तू हाताळून, मांडून, मोडूनच येते, आणि तीही पोरं साधारण सहा-सात वर्षांची होईतो.

पालघरकरांना याचं नवल वाटायला नको. बोईसरहून गाडीने दोन स्टेशनं पुढे गेलं की डहाणू. त्याच तालुक्यातल्या बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसोरींची पद्धत राबवली होती, पण तिची घोटीव लाकडी साधनं महागडी. खेड्यात कुठून आणायची? सोबतीला अनुताई वाघ आल्या, आणि शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. शिंपले लहान-मोठे लावायचे, पानं आकाराने वेगळी करायची. गणिताचा पाया, तोही फुकट.

त्यात हाताचंही काम होतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती नुसती कूर्चा असते. एकेक करून तिचं हाड होत जातं, शेवटचं तर नऊ ते बाराव्या वर्षी. असल्या हातात तिसऱ्या वर्षी पेन्सिल देऊन ए-बी-सी-डीची पानं भरून घेणं मला तरी जुलूमच वाटतो. चिमटीत चिंचोका उचलणं ही त्या बोटांची खरी तालीम.

पण सगळ्यात भारी कल्पना वेगळीच. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात; कुणाला गुरं राखायची, कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं. मग या बायांनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. अंगणात पोरं जमवायची, आधी हातपाय धुवायचे, मग गाणी आणि खेळ. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली: गुरं चरताहेत, शिक्षिका तिथेच. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडीही तिथलीच. धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं आणि ताईने शेजारी वर्गात बसायचं. सुट्टीचं कारणच संपलं.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि देशभरातल्या तिच्या केंद्रांना नाव मिळालं ते अंगणवाडी.